पहिला नंबर कोणाचा? ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

स्वयंपाक करता करता ऐकत असाल, तर तव्यावरच्या भाकरीकडे लक्ष ठेवा, पण एक कान इकडे असू द्या. आज गटाच्या पैशाचा विषय आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीला पंधरा दिवसांच्या अंतराने दोन माणसं येऊन गेली. दोघंही ऑनलाइन दुकान उघडून देणारे. पहिला म्हणाला, “ताई, आमचं सॉफ्टवेअर जगात एक नंबर.” त्याच्याकडे छापील कागद होता. कागदावर भाकरीसारखं गोल चित्र, आणि त्यातला सगळ्यांत मोठा तुकडा त्याच्या सॉफ्टवेअरचा. दुसरा आला, त्याच्याकडेही तसाच कागद, तसंच गोल चित्र. फक्त मोठ्या तुकड्यावर नाव वेगळं. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “दोघांतला एकजण तरी खोटं बोलायलाय.” आम्हालाही तसंच वाटलं. पण शोध घेतल्यावर कळलं, की दोघांचेही कागद खरे होते. ते कसं, ते आज सांगतो.

स्वतःचं घर, भाड्याचा गाळा आणि जत्रेतली पथारी

आधी ऑनलाइन विक्रीचे प्रकार समजून घेऊ. लातूरच्या गंजगोलाईत दुकान घालायचं तर दोन रस्ते असतात. एक, जागा घेऊन स्वतः बांधकाम करायचं. दोन, तयार गाळा भाड्याने घ्यायचा. तिसरा प्रकार म्हणजे जत्रेत पथारी टाकायची. तिथं गर्दी दुसऱ्याने जमवलेली असते, आपण जागेचे पैसे देतो आणि शेजारीच आपल्यासारखाच माल विकणारा बसलेला असतो.

शॉपिफाय हा भाड्याचा गाळा. ही कॅनडातली कंपनी. २००४ मध्ये काही मित्रांनी बर्फावर घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायला काढल्या. मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून स्वतःच तयार केलं. फळ्यांपेक्षा ते सॉफ्टवेअरच लोकांना हवंसं वाटलं आणि २००६ पासून त्यांनी ते इतरांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. दरमहा भाडं भरायचं, बाकी दुरुस्ती, सुरक्षा त्यांच्याकडे. भाडं थांबलं की दुकानाला कुलूप. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत सुरू झालेलं ‘दुकान’ नावाचं सॉफ्टवेअरही याच जातीचं.

वूकॉमर्स हे स्वतःचं बांधकाम. वर्डप्रेस नावाचं वेबसाइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर २००३ पासून आहे. त्याला जोडायचा दुकानाचा भाग म्हणजे वूकॉमर्स, तो २०११ मध्ये आला. तोही फुकट. पण वीट फुकट मिळाली म्हणून घर फुकट होत नाही. वेबसाइटच्या नावाचे आणि ती ठेवायच्या जागेचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, आणि काही बिघडलं की माणूस शोधावा लागतो. मॅजेंटो नावाचंही एक आहे, २००८ चं. २०१८ मध्ये ते अडोबी कंपनीने विकत घेतलं. ते मोठ्या व्यापाऱ्यांच्या कामाचं, आपल्या गटाच्या आवाक्यातलं नाही.

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो ही झाली जत्रा. आपल्या उमेद अभियानाचं ‘उमेद मार्ट’ आणि केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाचं ‘ई-सरस’ याही जत्राच, फक्त बचत गटांच्या मालासाठी भरवलेल्या. म्हणून कोणी तुम्हाला ॲमेझॉन मोठं की शॉपिफाय मोठं असं विचारलं, तर तो प्रश्नच चुकीचा आहे. जत्रा आणि गाळा एका तराजूत घालता येत नाहीत.

मोजलं काय, ते आधी विचारा

आता त्या दोन कागदांकडे येऊ. बाजारातला वाटा म्हणजे शंभरातले किती. पण शंभर कशाचे?

आपल्या लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा डोळ्यांसमोर आणा. समजा, आपण यात्रेत शंभर विक्रेते मोजले. त्यातले साठ बांगड्या-खेळण्यांचे, तीस खाऊचे आणि दहा जनावरांचे व्यापारी. डोकी मोजली तर यात्रा बांगडीवाल्यांची. पण संध्याकाळी गल्ला मोजला तर? लाल कंधारी नाहीतर देवणी बैलांच्या एका जोडीला जे पैसे येतात, तेवढ्यासाठी बांगडीवालीला किती दिवस बसावं लागेल? म्हणजे पैशाने यात्रा जनावरवाल्यांची. यात्रा एकच, मोजणीही खरी, पण पहिला नंबर दोघांचा.

सॉफ्टवेअरचं अगदी तसंच आहे. जगातल्या सगळ्या ऑनलाइन दुकानांची नुसती संख्या मोजली तर बहुतेक मोजण्यांत वूकॉमर्स पुढे असतं. वर्डप्रेसच्या यादीत ते ७० लाखांहून जास्त वेबसाइटवर बसवलेलं दाखवतात. फक्त अमेरिकेतली दुकानं मोजली, की शॉपिफाय पुढे जातं. आणि गल्ला मोजायचा म्हटलं, तर शॉपिफाय स्वतःचा आकडा जाहीर करतं. २०२४ मध्ये त्यांच्यावरच्या सगळ्या दुकानांची मिळून विक्री २९२ अब्ज डॉलरच्या वर गेली. वूकॉमर्सचा असा पक्का आकडा मिळणं अवघड, कारण ज्याने त्याने आपापल्या जागेवर बांधलेली ती घरं. सगळ्यांच्या विक्रीची एक वही कोणाकडेच नाही.

आमच्याकडच्या पहिल्या कागदावर जगातली सगळी दुकानं मोजलेली होती. दुसऱ्या कागदावर खाली बारीक अक्षरात अमेरिकेचं नाव होतं. चष्मा लावून वाचलं तेव्हा दिसलं.

अजून एक गोम आहे. ही मोजणी माणसं दारोदार फिरून करत नाहीत. एक संगणकीय प्रोग्राम लाखो वेबसाइट उघडून बघतो आणि पानामागच्या खुणांवरून ओळखतो, की हे दुकान कोणत्या सॉफ्टवेअरवर आहे. दुकानात माल आहे का, महिन्यात एक तरी ऑर्डर येते का, हे त्याला बाहेरून कळत नाही. आपल्या गावात शिलाई मशीन किती घरांत आहेत ते मोजा, आणि त्यातल्या किती रोज चालतात ते मोजा. दोन्ही आकड्यांत केवढा फरक पडतो, ते तुम्हाला माहीत आहे. चार वर्षांपूर्वी हौसेने उघडलेलं आणि आज धूळ खात पडलेलं ऑनलाइन दुकानही त्या गोल चित्रात बसलेलं असू शकतं.

आमच्याच एका गटाचं दुकान असं बसलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी असाच ‘एक नंबर’ ऐकून त्यांनी फिरत्या निधीतून १८,००० रुपये आगाऊ भरले. नऊ महिन्यांत तीन ऑर्डर आल्या, त्यातली एक गटातल्याच ताईंच्या भाच्याची. वर्ष संपल्यावर पुढचे पैसे भरले नाहीत, तर दुकान बंद. मालाचे फोटो गेले, गिऱ्हाइकांचे पत्ते गेले. उघडून देणाऱ्याचा फोन लागेना. त्या पैशातून मिरची कांडायचं यंत्र आलं असतं, हे त्या ताई आजही बोलून दाखवतात. ठरावावर सह्या आमच्या साक्षीने झाल्या होत्या, म्हणून चूक आमचीही आहे.

मग मोठ्या वाट्याचा उपयोग काय?

उपयोग आहे. गावात ज्या कंपनीच्या मोटारी जास्त, तिचा मिस्त्री आणि सुटे भाग जवळ मिळतात. तसंच, जे सॉफ्टवेअर पुष्कळ लोक वापरतात ते दुरुस्त करणारा मुलगा नांदेडला किंवा लातूरला सापडण्याची शक्यता जास्त. शिकवणारे व्हिडिओ मिळतात. आणि पुष्कळ लोक वापरतात ते सॉफ्टवेअर अचानक बंद पडण्याची भीती कमी. बाजारातला वाटा आपल्याला एवढंच सांगतो. आपला माल विकला जाईल का, हे तो सांगत नाही. गिऱ्हाईक सॉफ्टवेअर बघून येत नाही, ते मालाच्या नावावर येतं. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं नाव लोक शोधत येतात. मात्र ते मानांकन पाकिटावर छापायचं, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

एका पाकिटाचा हिशेब

मोंढ्यात सोयाबीन घातल्यावर आपण पट्टी वाचतो. भाव किती लागला एवढ्यावर थांबत नाही, हमाली, तोलाई किती कापली आणि हातात किती आले ते बघतो. ऑनलाइन दुकानाचीही तशीच पट्टी काढा.

समजा, कारळाच्या चटणीचं पाकीट १०० रुपयांना. सगळा खर्च जाऊन आपल्याला सुटतात ३० रुपये. कुरिअरचे पैसे गिऱ्हाईक देतं असं धरू. गाळ्याचं भाडं महिन्याला २,००० रुपये धरा. ऑनलाइन पैसे गोळा करून देणारी कंपनी साधारण २ टक्के घेते. शॉपिफायची स्वतःची पैसे घेण्याची सोय भारतात नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीमार्फत पैसे घेतले की शॉपिफायही विक्रीवर टक्का लावतं. साध्या योजनेत तो २ टक्के. म्हणजे पाकिटामागे चार रुपये गेले, उरले २६. नुसतं भाडं फेडायला महिन्याला ७७ पाकिटं विकावी लागतील. कमाई ७८ व्या पाकिटापासून.

स्वतःच्या बांधकामात समजा वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५००. पाकिटामागे कापले जातात दोन रुपये, उरतात २८. मग १८ पाकिटांत खर्च निघतो. पण दुरुस्तीला माणूस बोलावला, की त्याची मजुरी वेगळी. जत्रेत महिन्याचं भाडं बहुधा नसतं, पण विक्रीवर दलाली किंवा इतर आकार लागू शकतो, आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड आपल्यावर पडू शकतो. नियम वाचून घ्या.

कराचंही बघा. ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी क्रमांक नसतानाही ॲमेझॉन-मीशोसारख्या ठिकाणी माल विकता येतो, त्यासाठी वेगळा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण ही सवलत आपल्या राज्यातल्या विक्रीपुरती. देगलूरहून निजामाबाद आणि उदगीरहून बिदर जवळ असलं, तरी कायद्याने ते परराज्य. कर लागणारा माल तिकडे पाठवायचा असेल, तर आधी जाणकाराला विचारा. आणि खाण्याचा माल कुठेही विका, अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच.

ठरावाआधी पाच प्रश्न

आता कोणीही कागद घेऊन आलं, की आम्ही पाच प्रश्न विचारतो. तुम्हीही लिहून घ्या.

एक, हा वाटा कशाचा? दुकानांच्या संख्येचा की विक्रीचा, कोणत्या देशाचा, कोणत्या वर्षाचा?

दोन, आमच्यासारखाच माल विकणारी, आज चालू असलेली दोन दुकानं दाखवा. आम्ही त्यांना फोन करू.

तीन, भाडं आणि टक्के धरून महिन्याला किती पाकिटांवर आमचा खर्च निघेल?

चार, आम्ही उद्या सोडून गेलो तर फोटो आणि गिऱ्हाइकांची यादी आमच्या हातात मिळेल का? वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर राहील?

पाच, बिघडलं तर कोण येणार, किती दिवसांत, किती पैशांत?

त्या दोघांना आम्ही हे विचारलं. एकाने तिसऱ्या प्रश्नावर विषय बदलला. दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, “ताई, तुमची विक्री अजून तेवढी नाही. आधी गिऱ्हाईक तयार करा.” त्याचं आम्ही ऐकलं. सध्या व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी फोटोंसह लावली आहे, तिला भाडं नाही. पुण्या-मुंबईला गेलेली आपल्याच भागातली लेकरं मागणी करतात. शिवाय सरकारी जत्रेत माल लावायची कागदपत्रं जुळवतोय. प्रत्येक ऑर्डर वहीत लिहितो: कोणी मागवलं, कुठून, परत मागवलं का. सलग तीन महिने ७७ पाकिटांच्या वर विक्री गेली, की गाळा घ्यायचा का, हे बैठकीत पुन्हा ठरवू.

त्या मावशींनी परवा विचारलं, “मग पहिला नंबर कोणाचा गं, शेवटी?” आम्ही वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, “मावशी, आपल्या गटापुरता तो या वहीवरून ठरणार.” त्यांनी चष्मा लावला आणि महिन्याची बेरीज पुन्हा एकदा करून बघितली.

तुमच्या गटाकडे असा कागद आला असेल तर पुढच्या बैठकीत तो बाहेर काढा, खालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचा, आणि मगच ठराव लिहा.