चपट्या तोंडाचा कुत्रा आणि त्याची लाळ



गेल्या उन्हाळ्यात पनवेलजवळच्या नावडे गावी आम्ही पाहुण्यांकडे गेलो होतो. दारात पग जातीचा कुत्रा, तोंडाला लाळेची तार. आम्ही बिचकलो, "अहो, पिसाळलाय की काय?" पाहुणे हसले, "छे! हा पहिल्यापासून असाच."

खरे आहे. पग, बुलडॉग, बॉक्सर यांचा जबडा आखूड आणि ओठ सैल. लाळ तोंडात थोपत नाही, ओठांच्या घडीत साठते नि गळते. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. नाक आखूड म्हणून याला धाप जास्त. कोकणच्या दमट उन्हाळ्यात तर विचारूच नका. अशा कुत्र्याला भर दुपारी फिरवू नये. सावली, पाणी द्यावे.

मात्र एरवी कोरड्या तोंडाचा कुत्रा अचानक लाळ गाळू लागला, त्याला गिळता येईना, आवाज बदलला, अंगावर येऊ लागला, तर त्याच्यापासून लांब राहा. चावलाच, किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची भरीत बसू नका. लशीचे सर्व डोस पुरे करा. माणसात रोगाची लक्षणे दिसू लागली की मग इलाज बहुधा चालत नाही.

तोडणी कामगारांच्या कोप्यांवरही एवढे जरूर सांगा.