मारिबचे धरण

कुरआनच्या सूरह सबामध्ये दोन बागांचा आणि धरण फुटून आलेल्या पुराचा उल्लेख आहे. ते धरण यमनमधील मारिबचे. सुमारे 600 मीटर लांबीचा हा मातीचा बांध हजार वर्षांहून अधिक काळ पाणी अडवीत राहिला. त्याच्या दोन्ही टोकांची दगडी बांधकामे आजही दिसतात. पुराबरोबर गाळ येई, शेतांची पातळी चढे, मग बांधही उंच करावा लागे. प्रत्येक पिढीला त्यासाठी माणसे जमवून त्यांच्या पोटाची सोय करावी लागे. सबाच्या राज्यकर्त्यांची परीक्षा या गाळातच होती.

इ. स. 548 च्या सुमारास अब्रहाने फुटलेले धरण दुरुस्त केले. होय, मक्केवर हत्ती घेऊन चालून गेला म्हणून आपण ओळखतो तोच अब्रहा! त्याचा शिलालेख सांगतो की, मध्येच साथ पसरली तेव्हा त्याने मजुरांना घरी जाऊ दिले. पुढे टोळ्या परतल्या आणि काम पुरे झाले. त्यांना दिलेले पीठ, खजूर, कापलेली जनावरे, सारा हिशेब दगडावर कोरलेला आहे. माणूस कसाही असो, हा कारभार चोख होता. नंतर धरण पुन्हा फुटले, ते कोणी बांधले नाही. शेते ओसाड पडली.