मासिक थांबते, वर्गणी उरते

वर्गणी म्हणजे अजून छापून न झालेल्या अंकांची आगाऊ दिलेली किंमत. बसस्थानकावरच्या स्टॉलवर अंक विकत घेणारा वाचक पैसे देतो, अंक घेतो आणि व्यवहार तिथेच संपतो. वर्गणीदाराचा व्यवहार वर्षभर, कधी पाच वर्षे, तर ‘आजीव’ वर्गणी असेल तर जन्मभर उघडा राहतो. त्यामुळे मासिक बंद पडले की स्टॉलवरच्या ग्राहकाला दुसरे मासिक शोधावे लागते इतकेच. वर्गणीदाराचे मात्र पैसे अडकतात, अर्धवट राहिलेली क्रमशः कथा अर्धीच राहते आणि आपल्यासारख्याच आवडीच्या अनोळखी माणसांशी असलेला संबंध तुटतो. हे नुकसान मोठ्या शहरापेक्षा बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या गावात अधिक जाणवते.

नियतकालिके बंद पडणे मराठीला नवे नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेले बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८४० मध्ये थांबले. हरिभाऊ आपट्यांची ‘करमणूक’ १८९० ते १९१७ पर्यंत चालली. मराठीला पहिला दिवाळी अंक देणारे का. र. मित्र यांचे ‘मनोरंजन’ १९३५ मध्ये संपले, तर ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये. शं. ग. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांच्या सूचीत पाने उलटत जावे तशी संपलेली नावे भेटत राहतात. मात्र संपादक थकला, पैसा संपला किंवा काळ बदलला म्हणून थांबलेले मासिक आणि मालकी हातोहात बदलत जाऊन एका कंपनीच्या कर्जात बुडालेले मासिक यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारचे सर्वांत ठळक उदाहरण ‘चांदोबा’चे.

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू ‘चंदामामा’ आणि तमिळ ‘अंबुलिमामा’ ही मुलांची मासिके काढली. पुढे ‘पाताळभैरवी’ आणि ‘मायाबझार’ हे गाजलेले तेलुगू चित्रपट काढणारी जोडी हीच. मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये आला. एकच मजकूर आणि एकच चित्रे डझनभर भाषांत छापायची, ही त्यांची पद्धत. त्यामुळे रंगीत चित्रांचा खर्च सगळ्या आवृत्त्यांत विभागला जाई आणि अंक स्वस्त राहत असे. कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी १९५२ पासून १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत संपादनाची धुरा वाहिली. खांद्यावर प्रेत घेऊन हातात तलवार धरलेला विक्रमराजा ज्यांनी रेखाटला, ते चित्रकार शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन. २०२० मध्ये ते वारले आणि त्यानंतर त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

‘चांदोबा’ मुलांना नुसता वाचायला देत नव्हता, त्यांच्याकडून काही मागतही होता. दोन छायाचित्रे छापायची आणि त्यांना एकमेकींशी जुळणाऱ्या ओळी वाचकांनी पोस्टकार्डावर पाठवायच्या, ही स्पर्धा अनेक वर्षे चालली. निवडलेल्या ओळी पाठवणाऱ्याच्या नावानिशी छापल्या जात. आपल्या गावाचे नाव छापील पानावर पाहण्याची संधी लहान गावातल्या मुलाला त्या काळी फारशी कुठे मिळत नव्हती. छंदाच्या कोणत्याही मासिकाचे बळ याच देवघेवीत असते. बुद्धिबळाचे डाव, विणकामाचे नमुने, शब्दकोडी किंवा तिकिटांची अदलाबदल यांना वाहिलेले पान वाचकांच्या पत्रांवर चालते, आणि मासिक थांबले की हे सगळे वाचक एकमेकांना पुन्हा अनोळखी होतात. कुणाचा पत्ता कुणाकडे नसतो. तो असतो फक्त मासिकाच्या कचेरीत, वर्गणीदारांच्या वहीत.

१९९८ मध्ये कामगारांच्या वादातून ‘चांदोबा’ एकदा बंद पडला. सुमारे वर्षभराने, १९९९ च्या अखेरीस, नव्या भांडवलावर तो पुन्हा निघाला. २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने तो विकत घेतला. जुने अंक संगणकावर आणण्याचे आणि मासिकाला नवे रूप देण्याचे बेत झाले. मात्र कंपनीने परकीय चलनात उभारलेल्या रोख्यांची परतफेड २०१३ मध्ये तिला करता आली नाही. त्याच वर्षी मासिकाच्या आवृत्त्या थांबल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. मुलांच्या मासिकाचा त्या कर्जाशी काडीचाही संबंध नव्हता, पण मालकी एकाची असल्यामुळे पासष्ट वर्षांचे मासिक त्याच कर्जाखाली गेले. वाचकांचा निरोप घेणारा अंक निघाला नाही.

निरोपाचा अंक न निघण्याचा अर्थ दूरच्या गावात वेगळा होतो. मासिक महिन्याच्या ठरावीक आठवड्यात येते. या महिन्यात आले नाही, तर वर्गणीदाराच्या मनात पहिली शंका टपालाची येते. मासिक साध्या टपालाने येते; त्याची पावती नसते, वाटेत हरवले तर दाद लागत नाही. म्हणून तो पोस्टमनला विचारतो, मग ‘अंक मिळाला नाही’ असे पत्र ग्राहक क्रमांक घालून कचेरीला टाकतो आणि उत्तराची वाट पाहतो. एवढ्यात दुसरा महिना जातो. मुंबई-पुण्याचा वाचक स्टॉलवर चौकशी करून आठवड्यात खरे काय ते जाणून घेतो. परळीच्या वर्गणीदाराला मासिक बंद पडल्याचे कळायला दोन-तीन महिने लागतात, आणि त्या काळात तो टपाल खात्यावर रागावलेला असतो.

टपाल आणि मासिक यांचे नाते जुने आहे. १८९८ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्र म्हणून नोंदणी मिळवण्यासाठी दोन अटी होत्या : दोन अंकांमधले अंतर ३१ दिवसांपेक्षा जास्त नसावे आणि खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असावी. या अटी पाळणाऱ्या मासिकाचा ५० ग्रॅमपर्यंतचा अंक अवघ्या २५ पैशांत देशाच्या कोणत्याही टोकाला जात असे. अट ३१ दिवसांची असल्यामुळे द्वैमासिके आणि त्रैमासिके या सवलतीबाहेर राहिली. छंदाच्या विषयांना वाहिलेली कितीतरी प्रकाशने त्रैमासिकेच असतात, कारण तेवढ्या मजकुराला तीन महिने लागतात. त्यांना जास्त टपालखर्च सोसावा लागला. ४३१५१५ हा पिन कोड लिहिलेली पत्त्याची पट्टी परळीच्या दारी मासिक आणत होती ती या सवलतीच्या जोरावर. तो जुना कायदा जाऊन २०२३ चा टपाल कायदा जून २०२४ पासून अमलात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत टपालसेवाही बंद झाली. छोट्या प्रकाशकाला दूरचा ग्राहक दिवसेंदिवस महाग पडतो आहे.

परळीला वर्गणीचे महत्त्व आणखी एका कारणाने होते. १९७१ मध्ये इथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि नोकरीच्या निमित्ताने राज्याच्या निरनिराळ्या भागांतली कुटुंबे इथे राहायला आली. अशी नोकरी बदलीची असते. आज परळी, उद्या भुसावळ, परवा चंद्रपूर. बदलीच्या गावी ओळखीचा स्टॉल नसतो, नेहमीचे वाचनालय नसते. वर्गणी मात्र एका पोस्टकार्डावर नवा पत्ता कळवला की मागोमाग येते. मासिक बंद होणे म्हणजे अशा कुटुंबासाठी सगळ्या गावांत सोबत राहिलेली एक गोष्ट सुटणे असते.

आता पैशाचे पाहू, कारण मासिके बंद पडण्याचे मूळ बहुतेकदा तिथेच सापडते. आगाऊ आलेली वर्गणी हे मासिकाचे उत्पन्न नव्हे, देणे आहे. बारा अंकांची वर्गणी आली तर बारा अंक द्यायचे बाकी असतात. दर महिन्याला एक अंक गेला की त्या रकमेचा बारावा भाग कमावला जातो. शिस्तीचा प्रकाशक उरलेली रक्कम बाजूला ठेवतो. अडचणीतला प्रकाशक ती कागदाच्या आणि छपाईच्या जुन्या बिलांना लावतो आणि पुढचे अंक पुढच्या वर्गणीतून काढायचे ठरवतो. नवे वर्गणीदार कमी झाले की ही साखळी तुटते. म्हणूनच मासिक बुडण्याच्या बेतात असताना पाच वर्षांच्या वर्गणीवर मोठ्या सवलती जाहीर होतात. या सवलतीला भुलणारा वर्गणीदार सर्वांत निष्ठावान असतो आणि सर्वांत जास्त तोच बुडतो. यात अन्याय आहे, आणि तो नेहमीचा झाल्यामुळे कमी होत नाही.

आजीव वर्गणीचे गणित तर व्याजावर उभे असते. समजा, एखाद्याने हजार रुपये भरले. बँकेत बारा टक्के व्याज मिळत असताना त्यावर वर्षाला एकशेवीस रुपये येतात आणि त्यातून अंक परवडतो. व्याज सहा टक्क्यांवर आले की साठ रुपये हाती येतात, आणि तोवर कागद, छपाई व टपाल महागलेले असते. जितके आजीव वर्गणीदार जास्त, तितका तोटा मोठा. प्रेमाने आजीव झालेली माणसेच मासिकावर भार ठरतात, ही या पद्धतीतली मोठी दुःखद गोष्ट आहे. आजीव वर्गणी पंधरा किंवा वीस वर्षांपुरती असे आधीच स्पष्ट छापणे त्यापेक्षा प्रामाणिक.

दूरच्या वर्गणीदाराला ओझे समजण्याचे सर्वांत उघड उदाहरण अमेरिकेतले आहे. ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या नियतकालिकाने १९६८ मध्ये आपले सुमारे ६८ लाख वर्गणीदार ३० लाखांवर आणायचे ठरवले. जाहिरातदारांना मोठ्या शहरांतले गिऱ्हाईक हवे होते, म्हणून कात्री मुख्यतः लहान गावांतल्या आणि खेड्यांतल्या वाचकांना लागली. पैसे भरलेल्या वाचकाला त्याचा पत्ता चुकीच्या जागचा आहे म्हणून वगळण्यात आले. तरीही फेब्रुवारी १९६९ मध्ये ते बंद पडलेच. छायाचित्रणाच्या छंदाला वाहिलेले ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ हे तिथलेच मासिक १९३७ पासून ऐंशी वर्षे चालून २०१७ मध्ये थांबले. मोठ्या प्रकाशनसंस्थांत बंद मासिकाच्या उरलेल्या अंकांच्या बदल्यात त्याच संस्थेचे दुसरे मासिक पाठवण्याचा प्रघात आहे. एकच मासिक काढणाऱ्या मराठी संपादकाकडे तसे दुसरे मासिक नसते.

तरी वाचकांना वाऱ्यावर न सोडण्याचे मार्ग आहेत. विद्या बाळ यांनी किर्लोस्कर परिवाराच्या ‘स्त्री’मधून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. ज्या विषयांची गोडी वाचकांना लागली होती, त्यांना त्यामुळे नवे घर मिळाले. निदान शेवटचा अंक ‘शेवटचा’ म्हणून काढणे, चालू कथा पूर्ण करणे, उरलेली वर्गणी परत करणे आणि जुन्या अंकांचा पूर्ण संच एखाद्या ग्रंथालयाला देणे एवढे तर छोट्या संपादकालाही जमते. सार्वजनिक ग्रंथालयांचाही यात संबंध येतो. शासनमान्य ग्रंथालयांना त्यांच्या दर्जानुसार ठरावीक संख्येने नियतकालिके घ्यावी लागतात. एक बंद पडले की दुसरे शोधावे लागते. बंद पडलेल्या मासिकाचे बांधीव खंड मात्र पुन्हा कुठून मिळत नाहीत. परळीत कुणाच्या माळ्यावर ‘चांदोबा’चे जुने अंक असतील, तर ते रद्दीत न घालता वाचनालयाला विचारून पाहावे.

पैसे परत मिळवण्याची वाट मासिकाच्या मालकीवर ठरते. मालक कंपनी असेल आणि ती दिवाळखोरीत निघाली असेल, तर वर्गणीदार तिचा बिनतारणी धनको ठरतो. विक्रीतून आलेल्या पैशांवर पहिला हक्क कामकाजाच्या खर्चाचा, कामगारांचा आणि तारण घेतलेल्या बँकांचा असतो. वर्गणीदारांची पाळी त्यांच्या मागून येते आणि तोवर बहुधा काही उरत नाही. तरीही अवसायकाकडे, म्हणजे कंपनी गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, आपला दावा नोंदवलेला बरा, कारण न नोंदवलेल्या दाव्याला काहीच मिळत नाही. मालक एकटी व्यक्ती किंवा संस्था असेल, तर देणे थेट त्यांच्यावर राहते. अंक न देणे ही सेवेतली त्रुटी असल्यामुळे ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे परळीच्या वर्गणीदाराला मुंबई-पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. त्याची तक्रार बीडला दाखल होते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कळवून पाहता येते. वर्गणीची पावती, ग्राहक क्रमांक आणि शेवटच्या अंकाची पत्त्याची पट्टी जपून ठेवावी. तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.