उशीखालची चपाती : दत्तक मुलाचं वागणं समजून घेताना

आमच्या शाळेत पहिलीला एक मुलगा आला. डब्यातली अर्धी चपाती खायचा, अर्धी खिशात ठेवायचा. कुणी त्याच्या पट्टीला हात लावला की सरळ चावायचा. बोलणं दोन-तीन शब्दांच्या पुढे जात नव्हतं. महिन्याभराने त्याची अम्मी शाळेत आली आणि रडायलाच लागली. "आपा, घरात कशाची कमी नाही, तरी रोज रात्री उशीखाली चपाती लपवतो. सगळे म्हणतात पराया खून आहे, सुधारणार नाही, परत देऊन या."

तीन वर्षांचा असताना त्याला शिशुगृहातून घरी आणलं होतं. त्या दिवशी आम्ही त्यांना जे सांगितलं, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहितो.

पहिली गोष्ट, हा दोष रक्ताचा नाही. तान्हं बाळ रडतं, कुणीतरी धावत येतं, दूध देतं, उचलून घेतं. असं शेकडो वेळा झालं की बाळाचा माणसांवर भरवसा बसतो. शिशुगृहात एका आयाकडे बरीच मुलं असतात. रडूनही कुणी येत नाही, जेवण कधी मिळेल सांगता येत नाही. मग मूल स्वतःच स्वतःची सोय करायला शिकतं. अन्न लपवणं, वस्तू उचलणं, खोटं बोलणं, हात उगारणं, कुठल्याही अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणं, ही त्या काळात जगण्यासाठी लागलेली सवय असते. घर बदललं तरी सवय लगेच बदलत नाही.

रोमानियाच्या बुखारेस्ट शहरात २००० साली अनाथालयातल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं सांभाळण्यासाठी कुटुंबांमध्ये दिली गेली. कुटुंबात गेलेल्या मुलांची भाषा, बुद्धी आणि माणसांशी जवळीक संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. म्हणजे घराचा इलाज लागू पडतो, पण उशीर झाला असेल तर वेळ जास्त लागतो.

काही अडचणी जन्मतः असू शकतात. स्वमग्नता, अतिचंचलता, ऐकू कमी येणं हे पोटच्या मुलांमध्येही दिसतं. म्हणून अंदाज करत बसू नका, तपासणी करा. बोलणं उशिरा येत असेल तर सगळ्यात आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे. त्याच कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी केली आहेत. आपल्या जिल्ह्याचं केंद्र कुठे आहे ते सरकारी रुग्णालयात विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व येतं. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखला काढण्यात लाज कसली?

घरात काय करायचं? जेवण, झोप, अभ्यास यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा. बाहेर जाताना कधी परत येणार ते सांगा आणि त्या वेळी या. अन्न लपवल्यावर ओरडू नका. एका डब्यात खजूर, चणे भरून उशाशी ठेवा आणि सांगा, हा तुझा, कधीही खा. मारामारी केली तर हात धरून थांबवा, जवळ बसवा, शांत झाल्यावर बोला. खोलीत कोंडणं, मारणं नको. आणि "परत सोडून येऊ" हे वाक्य गमतीतसुद्धा उच्चारू नका. या मुलाची सगळ्यात मोठी भीती तीच असते.

खरं लपवू नका. कुरआनात सूरह अहजाबमध्ये अशा मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारण्याचा आदेश आहे, आणि पिता माहीत नसेल तर ते तुमचे दीनी भाऊ आहेत असं सांगितलं आहे. म्हणजे ओळख पुसायची नाही, माया कमी करायची नाही. लहानपणापासून सोप्या शब्दांत सांगत राहा. भांडणात चुलत भावाच्या तोंडून कळलं, तर मोठ्या कष्टाने बसलेला भरवसा एका क्षणात जातो.

पुढची सोयही आजच करायला हवी. शरीअतप्रमाणे दत्तक मूल वारस होत नाही, पण हयातीत हिबा करता येतो आणि एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते. ज्या मुलाला मोठेपणीही आधार लागू शकतो, त्याच्यासाठी हे टाळू नका. जाणकार आलिम आणि वकील दोघांना विचारा.

नातेवाइकांना आमची एक विनंती आहे. यतीमाला सांभाळण्याचा सवाब आपण तकरीरीत ऐकतो. मग ज्या घरात खरोखर यतीम वाढतोय, तिथे सल्ले द्यायला जाण्यापेक्षा एक संध्याकाळ मुलाजवळ बसा, त्या अम्मीला दोन तास झोपू द्या. सब्र करणाऱ्यालाही हात लागतो.

तो मुलगा आता चौथीत आहे. वाचनात मागे आहे, वाचा-उपचार चालू आहेत, राग अजून येतो. चावणं मात्र थांबलं. उशाशी डबा अजून असतो. परवा अम्मी सांगत होती, आठवडाभर तो भरायचा राहून गेला, आणि त्याने विचारलंसुद्धा नाही.