मढच्या ओहोटीत दिसणारे जीव

मढ हे आता नावापुरतेच बेट. मालाडहून मार्वेमार्गे थेट रस्ता येतो आणि वेसाव्याहून होडी काही मिनिटांत पलीकडे सोडते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मालाडची खाडी. या टापूला अभयारण्याचा दर्जा नाही; रोहित पाहायचे तर २०१५ साली अभयारण्य झालेली ठाण्याची खाडीच गाठावी. मढला पाहायचे ते ओहोटीने उघडे पडणारे जग.

त्याची वेळ तिथीवरून काढता येते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पण अष्टमीला भांग असतो, पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते खूप आत जाते. त्या दिवसांत ओहोटी सकाळ-संध्याकाळ पाच-सहाच्या आसपास येते.

खाडीकडच्या कांदळवनात तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून मुळे हवेत डोके काढतात. जादा मीठ पानांवाटे बाहेर पडते. पानावर बोट फिरवून जिभेला लावले की खारट लागते.

याच चिखलावर निवटी भेटते. बोटाएवढा मासा, डोळे कपाळावर, छातीचे पर टेकत सरकणारा. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून, ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवा घेत तो पाण्याबाहेर वावरतो. त्वचा सुकू लागली की डबक्यात लोळण घेतो. अभ्यासकांना या माशाचे भारी अप्रूप. कोळीवाड्यात त्याचे कालवण होते, आणि चवदार होते. शेजारीच इवल्या खेकड्यांचे नर अंगाएवढा एक नांगा हलवून माद्यांना बोलावत असतात. खायला मात्र दुसरा, लहान नांगाच कामी येतो.

समुद्राकडच्या खडकांत, डबक्यांत समुद्रफुले आणि रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे सापडतात. मुंबईच्या किनाऱ्यांवरची अशी जीवसृष्टी लोकांना दाखवण्यासाठी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून किनाराफेऱ्या काढतो. कांदळवनाच्या तोडीला उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली. २०१२ पासून वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे.

पाहणाऱ्यांनी शंख उचलून नेऊ नयेत. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा, कारण खालच्या अंगाला चिकटलेली अंडी उन्हाने वाळतात. आणि पाणी परतू लागले की खडकांवरून लगेच निघावे.