अडीच कानांचे शिंग

प्रॉन्गहॉर्न नराचा कान मुळापासून टोकापर्यंत साधारण सहा इंच भरतो. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या माळावर, सप्टेंबरच्या उन्हात दुर्बीण डोळ्याला लावून पालथ्या पडलेल्या शिकाऱ्याजवळ मोजायला एवढी एकच पट्टी असते, आणि तीही समोरच्या जनावराच्या डोक्यावरच. शिंग कानाच्या दुप्पट दिसले तर बारा इंच, अडीचपट दिसले तर पंधरा. बारा इंचांचे नर त्या माळावर पुष्कळ भेटतात. पंधरा इंचांच्या नरासाठी माणसे वर्षानुवर्षे परवान्याच्या सोडतीत नाव घालत राहतात.

कर्जतजवळच्या रेहेकुरीला काळवीट पाहिलेल्या मराठी माणसाला हे जनावर पहिल्या नजरेत ओळखीचे वाटेल. तोच उघडा माळ, तेच वेगावर टाकलेले जगणे. नाते मात्र नाही. अमेरिकेत सगळे त्याला ‘अँटिलोप’ म्हणत असले, आणि जुने गुराखी तर सरळ ‘गोट’ म्हणजे बकरा म्हणत असले, तरी ते यातले काहीच नाही. त्याच्या कुळातला तो एकटाच शिल्लक उरलेला प्राणी आहे आणि त्याचे जवळचे जिवंत नातलग आफ्रिकेतले जिराफ आणि ओकापी आहेत. ताशी ऐंशी किलोमीटरहून जास्त वेगाने तो धावतो. आज त्या माळावर त्याच्या मागे इतक्या वेगाने धावणारे एकही जनावर नाही.

शिंगांची गोष्ट आणखी वेगळी. काळविटाची शिंगे जन्मभर डोक्यावर राहतात. चितळ-सांबराची हाडाची शिंगे दरवर्षी मुळासकट गळतात. प्रॉन्गहॉर्नने दोन्हींच्या मधली वाट काढली आहे. आतला हाडाचा गाभा कायम राहतो, आणि वरची नखासारख्या द्रव्याची काळी खोळ दरवर्षी माजाचा हंगाम सरल्यावर गळून पडते. या खोळीला पुढच्या बाजूने एक फाटा फुटतो. ‘प्रॉन्ग’ म्हणजे तोच फाटा. मादीलाही शिंगे असतात, पण ती सहसा कानापेक्षा आखूड आणि बिनफाट्याची असतात. नराच्या गालावर, जबड्याखाली काळा डाग असतो. तो दिसल्याशिवाय जाणता माणूस शिंगाकडे वळतच नाही.

मापाचा प्रश्न आला की बून अँड क्रॉकेट क्लबचे नाव निघते. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्या पुढाकाराने १८८७ साली ही संस्था उभी राहिली, आणि तिने १९५० मध्ये पक्की केलेली मोजणीची पद्धत आजही प्रमाण मानतात. प्रत्येक शिंगाची सहा मापे घेतात. एक लांबी, एक फाट्याची लांबी आणि चार घेर. पहिला घेर बुंध्याशी, उरलेले तीन लांबीच्या प्रत्येक चौथाईवर. दोन्ही शिंगांची बेरीज करतात आणि डाव्या-उजव्यात जेवढा फरक असेल तेवढा वजा करतात. क्लबच्या कायमच्या नोंदवहीत जायला ब्याऐंशी इंच लागतात. न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो परगण्यात २०१३ साली मारलेला नर साडेशहाण्णव इंच भरला आणि त्याने जागतिक विक्रम केला.

सहापैकी चार मापे घेराची, हे ज्याला कळले त्याची नजर बदलते. दोन नर कल्पनेत शेजारी उभे करून पाहा. पहिल्याचे शिंग सोळा इंच उंच, पण काठीसारखे. चार घेरांची बेरीज पावणेसोळा, फाटा चार इंच. एका शिंगाचे झाले पावणेछत्तीस, दोन्हींचे साडेएकाहत्तर. दुसऱ्याचे शिंग दीड इंचाने आखूड, साडेचौदाच. पण घेरांची बेरीज साडेवीस आणि फाटा पावणेसहा. दोन्ही शिंगांचे मिळून साडेएक्क्याऐंशी. लांबून पाहणारा नवखा पहिल्यावरच जीव टाकणार, आणि दहा इंचांनी हरणार.

मग घेर लांबून कळतो कसा? इथे जनावराचा डोळा उपयोगी पडतो. प्रॉन्गहॉर्नचा डोळा मोठा, खोबणीत बाहेरच्या बाजूला बसवलेला आणि पाहताना साधारण दोन इंच रुंद वाटणारा. बाजूने पाहताना शिंगाचा बुंधा डोळ्यापेक्षा ठळकपणे रुंद दिसला तर जनावर थांबून पाहण्यासारखे आहे. पुढचा प्रश्न, ही जाडी वर किती जाते? फाटा कानाच्या टोकापेक्षा वर फुटला असेल तर ते शुभलक्षण, कारण फाट्याच्या खाली शिंग भरीव असते आणि तिसरा घेरही त्या भरीव भागात पडण्याची शक्यता वाढते. फाट्याची लांबीही शिंगाच्या पाठीमागच्या कडेपासून मोजतात. म्हणून समोर तीन-चार इंच दिसणारा फाटा मापपट्टीवर पाच-सहा इंच होतो.

फसवणारी रूपेही तितकीच. शिंगाची टोके आत किंवा मागे वळून आकड्यासारखी झाली असतील तर बाजूने शिंग आखूड दिसते. पण पट्टी वळणावरून फिरते, आणि त्या आकड्यात दोन-तीन इंच सहज दडलेले असतात. उलट सरळसोट उभी शिंगे आकाशाच्या पार्श्वभूमीवर आहेत त्याहून थोर वाटतात. दुपारी माळ तापला की हवा थरथरू लागते आणि कडा विरघळतात. अशा वेळी कितीही महागडी दुर्बीण तिकाटण्यावर चढवली तरी तिचा उपयोग नाही. म्हणून जाणकार सकाळी पाहतात, आणि एका बाजूने पाहून निकाल देत नाहीत. समोरून दोन शिंगांतला फरक कळतो, बाजूने जाडी आणि फाटा, आणि मान वळवली की टोकांचे वळण. गोळी झाडल्यावर जनावराजवळ गेले की शिंगे मघापेक्षा लहान वाटतात. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की शिकाऱ्यांच्या भाषेत त्याला ‘जमिनीवरचे आकसणे’ अशा अर्थाचा खास शब्द आहे. खरे तर शिंग आकसलेले नसते, घाईने फुगवलेला अंदाज उतरलेला असतो. या साऱ्या कसबाचा मोठा भाग गोळी न झाडण्याचा आहे, आणि तोच सर्वांत मोलाचा.

ज्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाच्या शिकारीला बंदी आहे, तिथल्या वाचकाला इंचांचा हा हिशेब खटकणार. खटकणे रास्तच आहे. पण या मोजणीच्या मागचा काळही पाहायला हवा. एके काळी कोट्यवधींच्या संख्येने असलेले हे जनावर बेछूट शिकार आणि तारांच्या कुंपणांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही हजारांवर आले होते. प्रॉन्गहॉर्न सहसा उड्या मारत नाही, तारेखालून सरपटत जातो. खालची तार जमिनीलगत असली की त्याची वाट तिथेच संपते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात शिंगांचा राष्ट्रीय संग्रह उभा राहिला तो अशा नाहीशा होणाऱ्या प्राण्यांची आठवण म्हणून. पुढे हंगाम ठरले, परवाने मोजून देऊ लागले आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. संख्या पुन्हा लाखांत गेली, त्यातही वायोमिंगचा वाटा सर्वांत मोठा. मात्र नैऋत्येच्या वाळवंटातला सोनोरन प्रॉन्गहॉर्न अजूनही धोक्यात आहे, आणि २०२२-२३च्या कडक हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये हजारो जनावरे मेली. त्यानंतर तिथले परवाने कमी करावे लागले.

हिवाळ्याचा संबंध शिंगाशीही आहे. जुनी खोळ गळते तेव्हा तिच्याखाली नवी वाढू लागलेली असते आणि तिची बरीचशी वाढ नेमकी थंडीच्या महिन्यांत होते. हिवाळा सौम्य गेला, चारा मिळाला, तर त्या सालची शिंगे भरदार. बर्फ साचले की तोच नर पुढच्या हंगामात बारीक शिंगांनी उभा. वयाचा भरवसाही थोडाच, कारण चांगल्या मापाची शिंगे तीन-चार वर्षांच्या नरावरही आढळतात. म्हणून या वर्षी साडेचौदा इंच म्हणून सोडलेला नर पुढच्या वर्षी सोळाचा होईल असे कुणी सांगू शकत नाही. नोव्हेंबरात त्याची खोळ सेजब्रशच्या झुडपांत कुठेतरी गळून पडते. ती आतून पोकळ असते, आणि वसंतात माळावरून चालणाऱ्याच्या हाती लागलीच तर पापुद्रे सुटलेली, उन्हापावसाने पांढुरकी झालेली.