परमुलखातील प्रचार आणि घरची सभा

निवडणूक हा उमेदवार आणि मतदार या दोन पक्षांमधील व्यवहार आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्या सभेतील बहुतेक श्रोत्यांच्या हाती एकही मत नाही, अशा सभेपुढे परमुलखात जाऊन एखादा उमेदवार उभा राहतो, तेव्हा त्या व्यवहारात तिसरा पक्ष शिरतो, आणि त्याचा हिशेब मांडणे सोपे राहत नाही. २४ जुलै २००८ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार बराक ओबामा यांनी बर्लिनच्या विजयस्तंभाजवळ भाषण केले, तेव्हा पोलिसांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे दोन लाख लोक जमले होते. हे भाषण ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढे व्हावे असा विचार प्रथम चालला होता. परंतु परक्या देशाच्या निवडणुकीसाठी त्या ऐतिहासिक स्थळाचा उपयोग व्हावा हे चॅन्सलर आंगेला मेर्केल यांना प्रशस्त वाटले नाही. तिकडे अमेरिकेत प्रतिस्पर्धी उमेदवार जॉन मॅक्केन, जे स्वतः त्याच उन्हाळ्यात कॅनडा, कोलंबिया आणि मेक्सिको येथे जाऊन आले होते, त्यांनी जर्मनीत बोलायचे तर ते अध्यक्ष झाल्यावर, असा अभिप्राय दिला. आणि आठवडा उलटण्याच्या आत बर्लिनच्या त्याच जनसमुदायाची दृश्ये त्यांच्या जाहिरातीत, हा मनुष्य लोकप्रिय असेल पण राज्यकारभारास योग्य नाही, हे सुचविण्यासाठी वापरली गेली. यजमान सरकारचा संकोच, यजमान जनतेचा उत्साह आणि घरच्या विरोधकांचा आक्षेप, असे तीन निरनिराळे प्रतिसाद एकाच भाषणाला मिळाले.

वैतरणा जेथे समुद्रास मिळते तेथे, अर्नाळ्याच्या समोरच्या तीरावर वसलेल्या दातिवऱ्यासारख्या गावाचा या प्रकरणाशी संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु दूरच्या राजधानीतील मसलतींचा परिणाम आपल्या उंबऱ्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे या किनाऱ्याइतके थोड्याच मुलखांना ठाऊक असेल. दातिवरे, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर ही किनाऱ्यावरची ठाणी पोर्तुगीज अमलात असताना येथील रयतेचे भवितव्य लिस्बन आणि गोवा येथे ठरत असे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेने १७३९ मध्ये तो अंमल संपला. आणि स्वतंत्र भारतातही परदेशच्या निवडणुकीची झळ याच किनाऱ्यास एकदा प्रत्यक्ष लागली, ती तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या निमित्ताने.

१९६३ च्या ऑगस्टात भारत आणि अमेरिका यांच्यात झालेल्या करारनाम्यानुसार तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांची उभारणी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने केली, आणि त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम तीस वर्षे पुरविण्याचे अमेरिकेने मान्य केले. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र नियमितपणे वीज देऊ लागले. पुढे १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली. १९७६ च्या अमेरिकन निवडणुकीत जिमी कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारास प्रतिबंध हा आपल्या प्रचारातील एक प्रमुख विषय केला. आणि ते निवडून आल्यावर १९७८ मध्ये जो कायदा झाला, त्यामुळे तारापूरचा इंधनपुरवठाच संशयाच्या भोवऱ्यात सापडला. त्याच वर्षाच्या आरंभी कार्टर दिल्लीस आले असताना, भारताच्या पंतप्रधानांना या बाबतीत थंड आणि सडेतोड पत्र लिहावे लागेल, असे आपल्या परराष्ट्रमंत्र्यास खाजगीत सांगितलेले त्यांचे शब्द चालू राहिलेल्या ध्वनिक्षेपकाने वार्ताहरांच्या कानी घातले. समारंभातील गोड भाषण आणि खाजगीतला कठोर अभिप्राय एकाच दिवशी उघड झाले, आणि आपल्या देशात त्याची जी चर्चा झाली ती कित्येक दिवस शमली नाही.

१९८० मध्ये तेच कार्टर पुन्हा उमेदवार असताना तारापूरसाठीच्या ३८ टन इंधनाचा प्रश्न अमेरिकन कायदेमंडळापुढे आला. तेथील अणुनियामक आयोगाने परवाना नाकारला होता. अध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात तो देऊ केला. प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी त्यास विरोध केला, आणि सिनेटात अवघ्या दोन मतांच्या फरकाने, ४८ विरुद्ध ४६, तो निर्णय तगला. अखेर १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रोनाल्ड रेगन यांच्या भेटीत, हे इंधन फ्रान्सने पुरवावे, असा तोडगा निघाला. ज्या विजेवर पश्चिम भारतातील गिरण्या आणि कारखाने चालत होते, तिचे इंधन परक्या देशाच्या निवडणुकीच्या धामधुमीत दोन मतांवर लोंबकळत होते, हे लक्षात घेतले म्हणजे परदेशच्या उमेदवाराच्या भाषणाकडे येथील माणसाने कान का द्यावा, हे वेगळे सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील अमेरिकन जकात पन्नास टक्क्यांवर गेली, तेव्हा बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या व कापडाच्या निर्यातदारांना हाच धडा नव्याने मिळाला.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहू. परक्या उमेदवाराचे भाषण ऐकणारे आपण, एके काळी स्वतःच परमुलखात जाऊन मते मागणारे होतो. आणि त्या काळी महाराष्ट्राने आपल्या पुढाऱ्यांच्या विलायतेतील शब्दाशब्दाचा जसा जाब घेतला, तसा क्वचितच कोणत्या समाजाने घेतला असेल. हिंदुस्थानचे राज्य ब्रिटिश पार्लमेंटच्या हाती आणि पार्लमेंट ब्रिटिश मतदाराच्या हाती, तेव्हा त्या मतदारासच आपली कैफियत सांगावी, या विचाराने १८८५ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आधी तीन हिंदी प्रतिनिधी इंग्लंडला धाडण्यात आले. त्यांत मुंबईचे प्रतिनिधी होते नारायण गणेश चंदावरकर, जे पुढे १९०० मध्ये लाहोरच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. दादाभाई नौरोजी यांनी तर त्याही पुढचे पाऊल टाकले. १८८६ मध्ये होबर्न मतदारसंघात त्यांचा पराभव झाला. दोन वर्षांनी पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी, इंग्रज मतदार काळ्या माणसास निवडून देणार नाहीत, अशा आशयाचे उद्गार काढले, आणि त्या उद्गारांविरुद्ध इंग्लंडमध्येच उठलेल्या निषेधामुळे दादाभाईंचे नाव पूर्वी कधी नव्हते इतके सर्वतोमुखी झाले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने निवडून आले. आणि पुढल्या वर्षी लाहोरच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी ते स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागतास लोटलेली गर्दी पाहून, परक्या मतदारसंघातील हा विजय हिंदुस्थानने स्वतःचाच मानला आहे, याविषयी शंका उरली नाही.

परंतु घरची सभा नेहमीच एवढी प्रसन्न नसते, हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्याइतके कोणी अनुभवले नसेल. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत होते, त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या चालल्या होत्या. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून, सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी इंग्रज लोकप्रतिनिधींपुढे आणि ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रात केला. मध्यंतरी २२ जूनच्या रात्री पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या; सरकारने पुराव्याची मागणी केली; आणि मुंबईत उतरल्यावर गोखल्यांना असे दिसून आले, की ज्यांच्या पत्रांवर आपण विसंबलो त्यांची नावे उघड करणे शक्य नाही आणि दुसरा पुरावा हाती नाही. ऑगस्टच्या आरंभी त्यांनी बिनशर्त माफी मागितली. ज्या लोकांच्या दुःखासाठी ते बोलले होते त्यांनाच ही माफी मानहानीसारखी वाटली, आणि पुण्यातील टीकेने त्यांना कित्येक वर्षे सोडले नाही. झडत्यांत लोकांनी सोसलेला जाच खोटा नव्हता. परंतु परमुलखात उच्चारलेल्या वाक्यामागे घरी सिद्ध करता येईल असा आधार नसेल, तर सत्य पक्षाचीही बाजू लंगडी पडते, हा त्या प्रसंगाचा निष्कर्ष आहे. पुढे १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी केलेली आकडेवारीने भरलेली भाषणे वाचताना, हा निष्कर्ष त्यांनी किती खोलवर मनात घेतला होता, ते जाणवते.

१९०५ मध्ये तेच गोखले पुन्हा इंग्लंडला गेले. येऊ घातलेल्या निवडणुकीपूर्वी ब्रिटिश मतदारांना हिंदुस्थानची स्थिती समजावून द्यावी, हे राष्ट्रसभेचे काम त्यांच्याकडे व लाला लजपतराय यांच्याकडे होते. आणि सुमारे पन्नास दिवसांत चाळीसहून अधिक व्याख्याने देण्याचा तो श्रम चालू असतानाच बनारसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. इकडे १६ ऑक्टोबरला बंगालची फाळणी अमलात आली होती. तिचा निषेध त्यांनी जसा इंग्रज श्रोत्यांपुढे केला, तसाच डिसेंबरात बनारसला अध्यक्षपदावरूनही, व्हाइसरॉय कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी करून, केला. दोन सभांपुढे दोन जिभा त्यांनी वापरल्या नाहीत. तरीही, राज्यकर्त्यांच्या दारात जाऊन मागणे मागण्याने काय साधणार, हा जहाल पक्षाचा प्रश्न मिटला नाही, आणि दोन वर्षांनी सुरतेस राष्ट्रसभा दुभंगली, तेव्हा त्या वादाच्या मुळाशी हाही प्रश्न होता.

असे असता जहाल पक्षाचे अध्वर्यू लोकमान्य टिळक यांनीच १९१८ मध्ये विलायतेची वाट धरली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या वर्षीच्या वसंतात कोलंबोपर्यंत गेलेल्या होमरूलच्या शिष्टमंडळाचे परवाने सरकारने रद्द करून त्यांना परत फिरविले होते; पुढे इंग्रज पत्रकार सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या फिर्यादीसाठी सप्टेंबरात परवाना मिळाला, तो राजकीय चळवळीवर निर्बंध घालूनच. दिल्लीच्या राष्ट्रसभेचे अध्यक्षपद टिळकांकडे आले असता ते आगबोटीने निघून गेले, आणि त्यांच्या जागी मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले. २१ फेब्रुवारी १९१९ रोजी खटला टिळकांच्या विरुद्ध गेला. खर्चाचा बोजा प्रचंड होता. परंतु महाराष्ट्राने या पराभवाचा अर्थ न्यायालयाने लावला तसा लावला नाही, आणि लोकवर्गणीने तो बोजा उचलून धरला. लंडनच्या मेडा व्हेलमधील हाउली प्लेस येथील घरी राहून टिळकांनी मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी स्नेह जोडला, त्या पक्षाच्या निधीस देणगी दिली, पॅरिसच्या तह-परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाविषयी पत्र लिहिले, आणि पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली. सत्तेवर आज नसलेला पक्ष उद्या येईल, हे ओळखून केलेली ती पेरणी होती. १९४७ मध्ये सत्तांतराचा कायदा मांडणारे सरकार मजूर पक्षाचेच होते.

त्याच समितीपुढे, त्याच सुमारास, शाहू महाराजांच्या पाठिंब्याने ब्राह्मणेतर समाजाची स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी मांडण्यासाठी भास्करराव जाधवही लंडनला गेले होते, हे विसरून चालणार नाही. एका प्रांताच्या वतीने बोलणारा पुढारी एकच असतो असे परक्या श्रोत्यास वाटते. परंतु त्याच्या मागे उरलेल्या समाजात, आमच्या वतीने हा बोलू शकत नाही, असे मानणारेही असतात, आणि त्यांनाही त्याच दरबारात जाऊन बोलण्याचा तितकाच हक्क आहे. महाराष्ट्राने हे दोन्ही आवाज विलायतेस पाठविले, आणि दोहोंवर घरी तितक्याच तीव्रतेने वाद घातला.

अलीकडच्या काळात या प्रकाराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण फ्रान्समधले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार एमान्युएल माक्राँ अल्जीरियास गेले असता, वसाहतवाद हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होता, असे त्यांनी तेथील दूरचित्रवाणीवर सांगितले. अल्जीरियात त्याचे स्वागत झाले. फ्रान्समध्ये उजव्या पक्षांनी व अल्जीरिया सोडून आलेल्या फ्रेंच कुटुंबांनी संताप व्यक्त केला, आणि तूलाँच्या सभेत, कोणाची मने दुखावली असतील तर क्षमा असावी, असे त्यांना म्हणावे लागले. त्याच महिन्यात त्यांनी लंडनमध्येही सभा घेतली. परंतु तेथील श्रोते मुख्यतः परदेशस्थ फ्रेंच मतदार होते, ज्यांच्यासाठी २०१२ पासून फ्रेंच कायदेमंडळात अकरा जागा आहेत. एकाच महिन्यातील या दोन सभांची जात अगदी भिन्न: लंडनला मते मागणे होते, अल्जीयर्सला घरच्या मतदारास न रुचणारे बोलणे होते. निवडून आल्यावर २०१८ मध्ये, मोरीस ओदँ या तरुण गणितज्ञाच्या अल्जीरियातील छळाची व मृत्यूची जबाबदारी त्यांनी राज्यसंस्थेच्या वतीने मान्य केली. उमेदवाराच्या शब्दाला अध्यक्षाच्या कृतीची जोड अंशतः तरी मिळाली, म्हणून त्या भाषणाचे मोल टिकले.

आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड संसद आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात, त्यामुळे त्या पदाच्या उमेदवारास परमुलखात सभा घेण्याचे कारणच पडत नाही. परंतु पक्षांचे पुढारी परदेशस्थ भारतीयांपुढे बोलतात, २०१० च्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांस मतदारयादीत नाव नोंदविण्याचा हक्कही मिळाला आहे, जरी मत देण्यासाठी त्यांना स्वतःच्या मतदारसंघात यावे लागते. आणि प्रत्येक वेळी, देशाची उणी बाजू बाहेर काढली, असा आक्षेप एका पक्षाकडून दुसऱ्यावर होत राहतो. या आक्षेपाने मला कधीच समाधान वाटलेले नाही. घरात बोलण्यास योग्य ते सत्य बाहेर बोलण्यास अयोग्य ठरत असेल, तर दादाभाईंनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयी लंडनमध्ये आयुष्यभर जे सांगितले, तेही देशद्रोहच ठरेल. खरी कसोटी स्थळाची नाही, तीन गोष्टींची आहे: वक्ता तेथे जे बोलला ते येथेही बोलतो काय, त्याच्या विधानास घरच्या चौकशीत टिकेल असा आधार आहे काय, आणि अधिकार हाती आल्यावर त्या शब्दांना तो बांधील राहतो काय. गोखले १८९७ मध्ये दुसऱ्या कसोटीवर अडखळले आणि १९०५ मध्ये पहिली पार करून दाखविली. कार्टर दिल्लीत पहिल्या कसोटीवर उघडे पडले.

हीच कसोटी परक्या उमेदवारांनाही लावण्याचा आपला अधिकार आहे. त्यांच्या मतदारयादीत आपले नाव नसेल. परंतु त्यांच्या निर्णयांच्या परिणामांच्या यादीत ते नेहमीच होते, आणि तारापूरच्या उदाहरणाने ते पुराव्यानिशी सिद्ध आहे. म्हणून परदेशचा कोणी उमेदवार आपल्या भूमीवर येऊन स्नेहाची भाषा करील, तेव्हा केवळ गर्दीने आणि टाळ्यांनी त्याचे स्वागत करून थांबू नये. त्याने स्वतःच्या देशातील मतदारांपुढे जकात, इंधन, शस्त्रे आणि स्थलांतर या विषयांवर काय सांगितले आहे, ते वाचावे, आणि दोन्ही भाषणे एकमेकांशी ताडून पाहावीत. आपल्या पूर्वजांनी आपल्याच थोर पुढाऱ्यांना जो चोख जाब विचारला, तो परक्यांना विचारण्यास आपण कचरण्याचे कारण नाही.